आत ओढलेला सूर

शनिवारी दुपारी व्हर्लीन गेलेल्या नवऱ्याच्या, ल्यूशसच्या, वस्तू बादलीत भरून दफनभूमीत आली. सोबत नवऱ्याची म्हातारी आत्या, आयडेला. आत्याने त्याचा कप फोडला, बशी फोडली, कंदिलाची काच फोडली आणि तुकडे ताज्या कबरीवर मांडले. तळाशी माउथऑर्गन उरला.

"हा तू फोड. बायकोचं काम आहे."

ल्यूशसने आठवडाभर कापूस वेचावा आणि शनिवारी सरकी काढायच्या जिनिंगमागच्या खोपटात हा वाजवून ब्लूजची दुखरी गाणी गावीत, असं वीस वर्षं चाललं. मिसिसिपीकाठचे भलेभले त्याच्यापुढे पाणी भरत. "ब्लूज फुंकायचं नसतं गं," तो म्हणायचा, "आत ओढायचं असतं." ओढून ओढून शेवटी छातीच गेली.

व्हर्लीनला हातोडी उचलवेना. आत्याची पाठ वळताच तिने माउथऑर्गन तसाच मातीत खुपसला.

"फोडलास ना?"

"हो."

"नीट सांग बाई. मेलेल्याची वस्तू अख्खी राहिली, तर तो घरातलं माणूस बोलावून घेतो. आणि तुझ्या घरात उरलंय कोण? ती एवढीशी पोर."

"फोडला म्हटलं ना, आत्या!"

तिसऱ्या दिवशी सहा वर्षांची मिंटी खोकू लागली. ताप नाही, काही नाही. भाकरीचा तुकडा घशाखाली उतरेना. मंगळवारी भरदुपारी तिने विचारलं, "आई, बाबा कुठे बसून वाजवतायत?"

आत्याला पोरीपाशी बसवून व्हर्लीन हातोडी घेऊन दफनभूमीकडे धावत सुटली.

तिने माती उकरली. माउथऑर्गन होता तिथेच होता. हाताला गरम लागला. माती उन्हाने तापली असेल, तिने स्वतःला समजावलं. पण त्याची भोकं ओली होती... नुकताच कुणी ओठांवरून काढावा तशी.

"खोटं मी बोलले," ती म्हणाली. "पोरीला सोड."

तिने डोळे मिटून घाव घातले. लाकूड फुटलं, पितळी पट्ट्या विखुरल्या.

घरी आली तेव्हा खोकला थांबला होता. मिंटी शांत झोपली होती. व्हर्लीनला रडूच फुटलं. आत्या मात्र भिंतीला टेकून उभी होती, खाटेपासून लांब.

"आत्या, फोडला. या खेपेला खरंच."

"कधी?"

"आत्ता... घटका झाली असेल."

आत्याने ओठांवर बोट ठेवलं. "ऐक..."

पोरीने श्वास सोडला. काहीच नाही. मग तिने श्वास आत ओढला, आणि छातीतून एक बारीक, वाकलेला सूर निघाला. ल्यूशस शनिवारच्या गाण्याची सुरुवात नेहमी त्याच सुराने करायचा.