मागच्या रांगेतली उडी

"आता तर तुझी प्रयोगशाळाही नाही, आई. आता काय कारण देशील?"

लेकीने हे ओरडून विचारलं नव्हतं. दाराशी बसून ती बुटाची नाडी बांधत होती आणि मान वर न करता, दूध आलं का असं विचारावं तितक्या सहज तिने ते विचारलं होतं... म्हणूनच ते आईच्या काळजात खोल रुतलं. गॅसवर चहा उकळत होता, तिच्या हातात गाळणं होतं.

"अगं, जा की एकदा," बाबा पेपरामागून म्हणाले. "मी दोनदा जाऊन आलो तिच्या नाचाच्या क्लासला. कंबर धरली, पण मजा आली. चाळीस बायका आणि मी एकटा कृष्ण."

"बाबा, तिला आग्रह करू नका. जिथे लाज वाटते तिथे माणसाने कशाला जावं?"

"कसली लाज?" आईने विचारलं.

"माझी." लेक उठून उभी राहिली. "तुला माझी लाज वाटते. मी नाचते त्याची, चांगली ऑफिसातली नोकरी सोडून बायकांना नाचायला शिकवते त्याची. मला हे सहावीतच कळलं होतं. आज फक्त बोलले."

दार हलक्या हाताने लागलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

आई तीन महिन्यांपूर्वी निवृत्त झाली होती. शहराच्या नळाचं पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तिने उभी हयात काढली. तिच्या अहवालात 'बहुधा' हा शब्द कधी नसे, आकडा तिसऱ्या दशांशापर्यंत असे. पण घरी तिने जे सांगितलं ते जवळजवळ सगळं खोटं होतं. नमुने आलेत, यंत्र बिघडलंय, साहेब येणार आहेत... सहावीनंतर लेकीच्या प्रत्येक नाचाच्या कार्यक्रमाला प्रयोगशाळेत काहीतरी निघायचंच.

खरं एवढंच होतं, की लेक जन्मली तेव्हा ती चार किलोंहून जड होती. दोन रात्री कळा देऊनही सुटका होईना, शेवटी चिमटा लावला, आणि आई आतून फाटली. टाके घालताना डॉक्टर म्हणाले होते, "होईल हळूहळू बरं." झालं नाही. शिंकलं की, खोकलं की, भरलेली बादली उचलली की कपडे ओले व्हायचे. मग तिने आयुष्यच त्याभोवती बेतून घेतलं. गडद रंगाचे कपडे, दाराजवळची जागा, कुठेही गेलं की आधी संडास कुठे आहे ते पाहणं. आणि हसणं कमी. लोक म्हणत, बाई फार गंभीर. शरीरात नेमकं काय बिघडलंय ते तिने पुस्तकात वाचलं होतं, त्यावर इलाज असतो हेही वाचलं होतं. पण पुस्तकातलं वाक्य तोंडातून बाहेर काढायचं म्हटलं की जीभ टाळ्याला चिकटायची.

सहावीतल्या त्या दिवशी ती शाळेच्या सभागृहात तिसऱ्या रांगेत बसली होती. लेकीच्या नाचाआधी एक नाटुकलं झालं, त्यात राजाची दाढी गळून सूपच्या वाटीत पडली, आणि आई हसली... पोट धरून, सगळं विसरून हसली. मग खुर्ची ओली झाली. नेमका त्याच वेळी पडदा वर गेला. लेकीने रंगमंचावरून पाहिलं ते इतकंच, की आपण दिसताक्षणी आई उठली आणि पर्स पाठीशी धरून, मागे वळून न बघता बाहेर निघून गेली. त्या नाचात लेकीचं पाऊल चुकलं होतं, हे बाबांनी नंतर सांगितलं.

तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. पण खरं सांगायचं म्हणजे 'तू जन्मलीस त्या दिवसापासून' असं म्हणावं लागलं असतं. अकरा वर्षांच्या पोरीच्या पदरात हे कुठली आई घालेल? तिने ते गिळलं. एकटीने सोसलं. मनातल्या मनात तिने त्याला त्याग असं नावही देऊन टाकलं होतं, आणि त्या नावाचा तिला थोडा आधारही वाटायचा.

पण आता कारणं संपली होती. दुसऱ्या दिवशी काळी पँट आणि लांब कुडता घालून लेकीचा क्लास भरायचा त्या वसाहतीच्या सभागृहाचा जिना ती चढली.

लेकीने तिला पाहिलं. क्षणभर तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, मग ती सगळ्यांना बोलते त्याच आवाजात म्हणाली, "नवीन आलेल्यांनी मागे उभं राहायचं."

मागच्या रांगेत दोघीच होत्या. एक कोपऱ्यावरची बेकरीवाली, अंगाने भक्कम, कोपरापर्यंत भाजल्याचे जुने डाग असलेली. दुसरी निवृत्त मुख्याध्यापिका, ताठ, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा.

"या, या," बेकरीवाली सरकली. "ही खास पाहुण्यांची रांग. वारा येतो आणि दारही जवळ."

"बोलणं बंद," मुख्याध्यापिका समोर बघतच म्हणाल्या.

"बाई रिटायर झाल्या, पण तास चालूच आहे त्यांचा."

आईने तोंडावर हात धरला. जपून, बेतानेच ती हसली.

ती रोज जाऊ लागली. सुरुवातीला हात डावीकडे गेले की पाय उजवीकडे जात. आठवड्याभरात गाण्याचा ठेका पाठीत उतरायला लागला. गाण्यात उड्या आल्या की मागच्या तिघी फक्त टाचा उचलत, आणि कुणी कुणाला का ते विचारत नसे. क्लास सुटल्यावर जिन्याच्या पायरीवर बसून तिघी बेकरीतले तुटके, विकायला न ठेवलेले पाव खात. बेकरीवाली नवऱ्याच्या घोरण्याची नक्कल करी, मुख्याध्यापिका तिचं व्याकरण सुधारत. आईला जाणवलं, की प्रयोगशाळेत इतकी वर्षं काढूनही तिला 'आज चेहरा का उतरलाय?' असं कुणी विचारलं नव्हतं. इथे रोज विचारत होते.

लेक मात्र क्लासमध्ये तिला अजून 'तुम्ही' म्हणत होती. घरीही ती गरजेपुरतंच बोलायची.

महिन्यापूर्वी सभागृहात कुणाच्या तरी बाटलीतलं पाणी सांडून एक बाई घसरली होती आणि तिचं मनगट मोडलं होतं. पुन्हा असं झालं तर जागा काढून घेऊ, असं वसाहतीच्या समितीने बजावलं. म्हणून लेकीने दारावर पाटी लावली होती. पाण्याची बाटली बाहेरच ठेवा, आत आणणाऱ्याचा प्रवेश बंद.

एके दिवशी लेकीचं चित्त ठिकाणावर नव्हतं. उड्यांचं गाणं लागलं, सगळं सभागृह उसळू लागलं, आणि ती रांगांमधून चालत मागे आली. आईसमोर थांबली. छातीवरचा माइक तिने मुठीत दाबला.

"तुम्हाला इथे यायची जबरदस्ती कुणी केलेली नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "पण आलाच आहात, तर निदान असं उभं राहून माझी कीव करू नका."

आईने तिच्या डोळ्यांत पाहिलं. तिथे तीच उभी होती... पडदा वर गेल्यावर रिकामी झालेली खुर्ची बघणारी ती सहावीतली पोर.

आणि आईने उडी मारली.

काय होणार ते तिला ठाऊक होतं. पहिल्या उडीला निभावलं. लेकीच्या कपाळावरची आठी सैल झाली, ओठ किंचित विलग झाले. त्या चेहऱ्यासाठी आईने दुसरी मारली, तिसरी मारली, हात वर करून चौथी मारली... आणि मग तो ओळखीचा उबदार ओघळ मांडीवरून उतरला, थांबवता थांबेना, आणि पायाखालच्या फिकट फरशीवर पसरला. लेक तोवर पाठ फिरवून पुढे निघाली होती. आई जागच्या जागी गोठली. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं माणूस म्हणतो ते कशाला, ते तिला त्या क्षणी कळलं.

तेवढ्यात मुख्याध्यापिकांनी दारामागे टांगलेली आपली पिशवी उघडली. औषधासाठी लपवून आणलेली स्टीलची बाटली काढली, शांतपणे झाकण फिरवलं, आणि आईच्या पायाशी सगळी बाटली उपडी केली.

"अरेच्चा," त्या म्हणाल्या. "सांडलं."

आयुष्यात इतका वाईट अभिनय कुणी केला नसेल.

गाणं बंद झालं. लेक धावत आली. "बाई, तुम्ही? दारावरची पाटी वाचलीत ना?"

"वाचली. चूक माझी आहे."

"मग उद्यापासून येऊ नका. मला वाईट वाटतंय, पण नियम सगळ्यांना सारखा."

"योग्य आहे," मुख्याध्यापिका म्हणाल्या. शाळकरी मुलीसारखे त्यांनी हात पाठीमागे बांधले होते.

आईचं एक वाक्य पुरलं असतं. तिने ते उच्चारलं नाही... आपल्यासाठी दुसरी बाई बोलणी खात होती, आणि ती ओठ मिटून बघत राहिली.

बेकरीवालीने स्वतःचा स्वेटर तिच्या कमरेला बांधला आणि तिला जिन्यापर्यंत नेलं.

"रडू नका. तुम्हाला काय वाटलं, आम्ही दोघी मागे का उभ्या राहतो? माझी तीन बाळंतपणं, वर रोज मैद्याची पोती उचलायची. बाईंचं ऑपरेशन झालं तेव्हापासून त्यांचंही तसंच."

"बाईंना माझं माहीत होतं?"

"पहिल्याच दिवशी. म्हणाल्या, जी आत आल्या आल्या दार कुठे आहे ते बघते, ती आपल्यातली."

आई पायरीवर बसली होती ती उठली. आपल्यापुरती शरम तिला सोसता येत होती, तिची सवयच होती. पण ही नवी शरम, गप्प राहण्याची, तिला क्षणभरही सोसवेना. ती परत वर गेली.

सभागृह रिकामं झालं होतं. लेक गुडघ्यांवर बसून फडक्याने फरशी पुसत होती.

"सोड ते. मी पुसते."

"होत आलंय. बाबांना सांग, मला उशीर होईल."

"सोड म्हटलं ना ते फडकं."

लेकीने मान वर केली. "का?"

आईने दोन्ही हात एकमेकांत घट्ट धरले. अहवाल वाचून दाखवावा तशी ती बोलू लागली, कारण दुसऱ्या कुठल्याही आवाजात तिला ते जमलं नसतं. "ते नुसतं पाणी नाही. बाटली नंतर ओतली. आधी... आधी मी. उडी मारली की मला आवरत नाही. शिंकले तरी नाही, हसले तरी नाही. बाईंनी मला झाकण्यासाठी ओतलं. त्यांना काढू नकोस."

लेक फडक्याकडे बघत राहिली. "कधीपासून?"

"तू झालीस तेव्हापासून."

मग लेक सावकाश म्हणाली, "सहावीत..."

"दाढीवाल्या राजाला हसले होते गं. तुझा नाच बघायला तर मी आठ दिवस वाट बघत होते."

"म्हणजे मी तुझी ही अवस्था केली."

"हेच तू म्हणशील म्हणून नाही सांगितलं."

"आणि त्याऐवजी मला काय वाटू दिलंस?" लेकीचा आवाज चिरकला. "माझ्याकडे माझ्या आईला बघवत नाही म्हणून ती उठून जाते, असं? ते बरं होतं? प्रत्येक कार्यक्रमात मी आधी तुझी खुर्ची बघायचे, आई. मग पाऊल टाकायचे."

"मला तुझी लाज कधीच नव्हती. मला माझी होती..."

"पण ती वागवली मी."

ज्याला आई त्याग म्हणत आली होती, त्याची किंमत त्या लहानशा पोरीने भरली होती, न विचारता, न कळता. तिने खाली बसून फडक्यासाठी हात पुढे केला. लेकीने ते दिलं नाही.

"राहू दे. तू माझं किती वर्षं पुसलंस? मी एकदा पुसलं तर काय झालं?"

मग मात्र आईचा बांध फुटला. लेकीने ओल्या हातांनीच तिला धरलं, आणि दोघी त्या फरशीवर कितीतरी वेळ तशाच बसून राहिल्या.

संध्याकाळी लेक मुख्याध्यापिकांच्या दारात उभी राहिली. "बाई, माझं चुकलं. मी नियम बदलते."

"नियम बरोबर आहे. मी बाटली घरी ठेवेन," त्या म्हणाल्या. "उड्या बदला."

पुढच्या आठवड्यात लेक आईला दवाखान्यात घेऊन गेली. टेबलापलीकडच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, समोरचा कागद एकेक रकाना विचारून भरत होत्या.

"त्रास किती वर्षांपासून आहे?"

"झाली... बरीच," आई म्हणाली.

"आकडा सांगा ना."

आकड्यांत जन्म घालवलेल्या आईला तो एक आकडा सांगता येईना. तिची नजर टेबलाच्या कडेवर खिळली होती.

"तेहतीस," लेक म्हणाली. "या चौदा तारखेला चौतीस होतील."

डॉक्टरीणबाईंनी लिहिलं. मग त्यांचं पेन थांबलं, त्यांनी एकदा लेकीकडे पाहिलं, एकदा आईकडे, आणि आवाज उतरवून विचारलं, "आता मला थोडं खोलात विचारावं लागेल. यांना बाहेर बसायला सांगू का?"

लेक खुर्चीवरून अर्धवट उठलीसुद्धा.

"नको," आई म्हणाली. तिचे कान तापले होते, मान वर होत नव्हती. "बसू दे तिला. मला सांगताना लाज वाटेल... पण बसू दे."