तिसऱ्या सिलिंडरचा काटा

थोरलीचा एक नियम होता. विमानाच्या इंजिनाचा ताप दाखवणारा कुठलाही मीटर हातात आला की आधी किटलीत पाणी उकळायचं, इंजिनातून त्याचा सेन्सर सोडवायचा आणि त्या खळखळत्या पाण्यात बुडवायचा. काटा शंभरावर उभा राहिला तर मीटर खरा, नाही तर कचऱ्यात. त्या किटलीतला चहा हँगरमध्ये कुणी पीत नसे. कंपनीचे साहेब एकदा चुकून प्यायले होते आणि संध्याकाळपर्यंत तोंड वाकडं करून फिरत होते.

अक्षरं ती चाळिशीत शिकली, तीही इंजिनाच्या पुस्तकांपायी. तोवर इंजिन ती कानानं आणि तळहातानंच वाचत आली होती. आता ‘विमान उडण्याजोगं आहे’ या कागदावर तिची सही लागे. त्याशिवाय चाक हलत नसे.

धाकटी तिची सख्खी बहीण, त्याच कंपनीत वैमानिक. चार सिलिंडरचं, एका पंख्याचं छोटं विमान घेऊन ती रोज सकाळी तलावापलीकडच्या गावाला औषधं आणि टपाल पोचवायची. आठ वर्षं दुसऱ्यांच्या शेजारी बसून काढल्यावर तिला हा मार्ग मिळाला होता, त्यालाही अजून तीनच महिने झाले होते.

सोमवारी ती उतरली ती कपाळाला आठ्या घालूनच.

“ताई, तिसरा तापतोय. बाकीचे एकशे ऐंशीला आणि हा दोनशे दहाला.”

थोरलीनं इंजिनाचं झाकण काढलं आणि हातातल्या थर्मामीटरनं चारही सिलिंडर तपासले. पाच अंशांचाही फरक नव्हता.

“तुझा काटा थापा मारतोय.”

“माझा कसा? बसवलास तू.”

किटली लागली. काटा शंभरावर जाऊन ताठ उभा राहिला. थोरलीनं दुसऱ्या सिलिंडरचा सेन्सर तिसऱ्यात घातला, तर तोही चढू लागला. तिसऱ्याचा दुसऱ्यात घातला, तर तो गुमान एकशे ऐंशीला बसला. नवा मीटर लावून पाहिला, त्याचं म्हणणंही तेच. शेवटी सिलिंडरच उतरवून तिनं आत दिवा धरला. आतून तो आरशासारखा लख्ख होता. तिनं तो पुन्हा बसवला.

थर्मामीटर खरा, मीटर खरा, सिलिंडर खरा. मग खोटं कोण, हे विचारायला तिथं दुसरं कुणी नव्हतं.

मंगळवारी सकाळी इंजिन गार होतं. तिसऱ्याचा सेन्सर बाकावर फडक्यात पडला होता, तार जुन्या मीटरला जोडलेली. त्या मीटरला वीज लागत नाही. तारेच्या टोकाला ऊब लागली की काटा आपोआप हलतो. दोघी बहिणी बाजूला चहा पीत होत्या. तो अर्थात दुसऱ्या किटलीतला.

काटा हलला.

आधी साठ, मग नव्वद. तिथं तो जरा रेंगाळला, जसं धावपट्टीच्या टोकाशी विमान इंजिन ऊन होईपर्यंत रेंगाळतं. मग दोनशे पंधरापर्यंत चढला आणि उतरून एकशे ऐंशीला स्थिरावला.

“हे तर उड्डाण आहे,” धाकटी हळूच म्हणाली. तिनं सेन्सर चिमटीत धरला. तो फडक्याइतकाच गार होता.

थोरलीनं मनगटावरचं घड्याळ काढून मीटरशेजारी ठेवलं. चहावर साय धरली. काटा हलल्यापासून एक्केचाळिसाव्या मिनिटाला तो धोक्याच्या तांबड्या रेघेपलीकडे गेला, दोन श्वास तिथं थरथरला आणि धाडकन खाली आला. सातावर.

“तार तुटली असेल,” धाकटी म्हणाली.

“तार तुटली तर हँगरमध्ये आहे तेवढंच दाखवेल, एकवीस. हा सातावर उभा आहे.”

तापलेलं इंजिन वाऱ्यावर निवायला तास दीड तास घेतं. एका क्षणात ते एकाच गोष्टीत निवतं. आणि इंजिन सुरू केल्यापासून एक्केचाळिसाव्या मिनिटाला धाकटीचं विमान कुठं असतं, हे दोघींनाही नकाशा न बघता माहीत होतं. खाली नुसता तलाव असतो, कुठल्याही बाजूला पाहिलं तरी काठ न दिसणारा.

त्या सकाळी थोरलीनं सही केली नाही.

साहेब कागद घेऊन स्वतः आले. “मीटर बदललात, सेन्सर बदललात, सिलिंडर ठीक म्हणता. मग अडलंय कुठं?”

“त्या काट्यापाशी.”

“बाकावर पडलेला सेन्सर काय दाखवतो, त्यावरून मी विमान बसवून ठेवू? आणि कारण काय लिहू, इंजिनाला बाहेरची बाधा झाली?”

“तुम्हांला सुचेल ते लिहा. सही मात्र माझी आहे.”

साहेब गेल्यावर धाकटी भडकली. “ताई, चार दिवस विमान बसलं तर मार्ग दुसऱ्याला देतील. आठ वर्षं मी काय गंमत म्हणून घालवली?”

“मार्ग गेला तर परत मिळेल.”

“आणि मग कशाकशाला अडवशील? उद्या गॅसपाशी उभी राहिले तरी थर्मामीटर लावशील मला.”

थोरलीला हसू आलं नाही. दुपारभर ती पान्यांवरचं तेल पुसत बसली. पुसून झालेले पानेसुद्धा तिनं पुन्हा पुसले. मग उठून म्हणाली, “चल, जाऊ. पण तलावावरून नाही, उत्तरेकडच्या शेतांवरून. वीस मिनिटं जास्त लागतील, लागू देत. आणि तुझ्या शेजारी मी बसणार.”

“तुला वर गेलं की उलट्या होतात.”

“पिशवी घेईन. या काट्याला खोटं पाडायचं तर त्याच्या तोंडावर पाडायचं.”

निघण्याआधी तिनं तिसऱ्या सिलिंडरवर दोन सेन्सर बसवले. एक जुन्या मीटरचा, एक नव्याचा. दोन्ही मीटर डोळ्यांसमोर शेजारी शेजारी. मग सही केली, अक्षर न् अक्षर सुटं काढून.

वर गेल्यावर तिला उलटी झालीच. तोंड पुसून तिनं पुन्हा काट्यांवर नजर लावली. खाली कापणी झालेली शेतं होती, पिवळी, कोरडी, सपाट. कुठंही उतरावं अशी.

अडतीस मिनिटं. दोन्ही काटे एकशे ऐंशीला.

चाळीस.

एक्केचाळिसाव्या मिनिटाला जुना काटा तांबड्यात गेला. नवा जागचा हलला नाही. धाकटीचा हात सुकाणूच्या दांड्यावर आवळला. इंजिनाचा सूर तोच होता, भरलेला, एकसारखा. थोरली डोळे मिटून तो ऐकत राहिली.

जुना काटा सातावर पडला.

“पड,” थोरली त्याला म्हणाली. “पडून राहा तिथंच.”

विमान गावाला पोचलं, औषधं उतरली, त्याच वाटेनं दोघी परत आल्या. साहेबांनी जास्तीच्या पेट्रोलवरून कुरकूर केली, पण नवी वाट कागदावर चढली. थोरलीनं जुना मीटर काढला, सेन्सर आणि तार त्याच्याभोवती गुंडाळून बाकावर टाकला. धाकटी सहा दिवस त्या वाटेनं गेली आणि आली. तिसरा सिलिंडर बाकीच्यांच्या बरोबरीनं चालत होता. सातव्या दिवसापर्यंत ती ताईला ‘बाहेरची बाधा’ म्हणून हाक मारण्याइतकी मोकळी झाली होती.

सातव्या दिवशी विमान देखभालीसाठी उभं होतं. दोघी मिळून इंजिनाचं तेल बदलत होत्या. धाकटी फडकं घ्यायला बाकाकडे गेली आणि तिथंच थांबली.

“ताई, घड्याळ आण.”

काटा साठावर होता.

या वेळी चहा कुणी केला नाही. एक्केचाळिसावं मिनिट आलं आणि गेलं. काटा एकशे ऐंशीवरून ढळला नाही. धाकटीनं मोठा श्वास सोडला. थोरलीनं सोडला नाही.

त्रेपन्नाव्या मिनिटाला काटा तांबड्यात गेला. दोन श्वास. मग सात.

नव्या वाटेवर पाणी एकाच ठिकाणी लागतं. शेतं संपल्यावर नदीचं रुंद पात्र आडवं येतं, ते विमानाला ओलांडावंच लागतं. किती मिनिटांनी, ते धाकटीनं सांगितलं नाही आणि थोरलीनं विचारलं नाही.

“मी आता त्या काट्याला घाबरून घरी बसणार नाही,” धाकटी म्हणाली.

“बस म्हणतंय कोण? नकाशा काढ.”

“पेट्रोल पुरलं पाहिजे.”

“पुरवू. टपाल कमी घे.”

धाकटीनं बाकासमोरच्या टेबलावर नकाशा पसरला. नदीवरून जाणारी रेघ खोडरबरानं पार पुसून काढली, कागद फाटेल इतकी घासून. मग उघड्या डोंगरांवरून, जिथं डबकंसुद्धा नव्हतं, तिथून तिसरी वाट काढायला वाकली. तिची पाठ मीटरकडे होती. थोरली पट्टी दाबून धरून समोर उभी होती, तिला बाक दिसत होता.

रेघ अर्ध्यावर आली तेव्हा काटा साठ ओलांडून नव्वदाकडे निघाला होता.

“हलला का गं?” धाकटीनं मान वर न करता विचारलं.

“नाही,” थोरली म्हणाली. “तू रेघ ओढ.”