राणी परतेपर्यंत

मी इतिहासाचा मास्तर. सव्वीस वर्षं लिंबायतच्या मराठी शाळेत पोरांकडून सनावळ्या घोकून घेतल्या. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी कायम उडवून लावत आलो. आता हे लिहिताना माझीच मला लाज वाटते, पण लिहितो.

सप्टेंबर चौऱ्याण्णव. दहावीला इंग्लंडचा राजा आणि पार्लमेंट यांचं भांडण शिकवत होतो. वर्ग पेंगत होता. ज्यांचे बाप बारा-बारा तास कापडाच्या लूमवर उभे राहतात, त्यांना कुठला राजा आणि कुठलं पार्लमेंट! म्हटलं, करूनच दाखवू. एक राजा शिपाई घेऊन सभागृहात घुसला, सभासदांना पकडायला. पुढे लढाई पेटली आणि त्या राजाचंच डोकं उडवलं. तेव्हापासून दोघांचा एकमेकांवर काडीचा विश्वास नाही. आजही राणी पार्लमेंटात जाते तेव्हा राजवाड्यात एक सभासद ओलीस ठेवतात. राणी सुखरूप परतली की तो सुटतो. हे ऐकल्यावर मात्र मागचे बाकसुद्धा जागे झाले.

राणी केलं हर्षदाला. सुपडू लूमवाल्याची मुलगी, उंच, आवाज खणखणीत. जरीच्या तुकड्यांचा झगा तिच्या आईने शिवला. माझी अमृता त्याच वर्गात. तिला राणी व्हायचं होतं, पण मास्तराने आपल्या पोरीला पुढे केलं असं कुणी म्हणायला नको, म्हणून मी तिला ओलीस केलं. नकाशांच्या खोलीत खुर्चीवर बसायचं, बस्स.

"चालेल, सर," ती म्हणाली. शाळेत ती मला सरच म्हणायची.

गुरुवारी दुपारी राणी वर्गात आली. भाषणाच्या दोन ओळी वाचून होतात न होतात तोच सुपडू दारात. तोंडाला रुमाल, डोळे लाल.

"मास्तर, प्लेग उना! चाल वं पोरी, गाडी पकडनी शे."

हात धरून त्याने तिला नेलं. झगा अंगावर तसाच. पाठोपाठ इतरांचे आईबाप आले. अर्ध्या तासात शाळा ओस.

मी नकाशांच्या खोलीत गेलो. "ऊठ अमू, घरी चल."

"राणी परतली का, सर?"

"राणी गेली गावाला. नाटक संपलं."

"संपलं कसं? ती अजून परतली नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दंड धरून ओढलं. तिचा हात सैल होता, ती जराही झटापट करत नव्हती, पण ती तसूभर हलली नाही. शिपाई छगनला हाक मारली. दोघांनी खुर्चीसकट उचलायला पाहिलं. साधी लाकडी खुर्ची, छगन अशा चार एकदम नेतो. तो घामाघूम झाला, त्याने माझ्याकडे बघितलं, किल्ल्या माझ्या हातात ठेवल्या आणि म्हणाला, "साहेब, मी पण निघतो."

डॉक्टर शोधायला गेलो. दवाखान्यांना कुलपं. मंगला, माझी बायको, डबा घेऊन आली. अमृताने दोन घास खाल्ले, पाणी प्यायली.

"बारडोली गेलं," ती मधेच म्हणाली. आणि बऱ्याच वेळाने, "नवापूरला थांबलीय गाडी. हर्षदा दारात उभी आहे."

मंगला रडायला लागली. मी म्हटलं, घाबरलीय, दुसरं काही नाही.

शुक्रवारी सकाळी ती म्हणाली, "तिला ताप चढलाय, सर. मी ताठ बसते."

ती ताठ बसली. हात गुडघ्यांवर, नजर समोर. हनुवटीवरून घाम ठिबकत होता. कपाळाला हात लावला तर थंडगार. तिन्हीसांजेला तिने खांदे जरा सैल सोडले. "उतरतोय," म्हणाली.

शनिवारी सगळ्या लिंबायतमध्ये एकही लूम चालत नव्हता. इतकी वर्षं त्या खडखडाटाला शिव्या घातल्या, आणि त्या दिवशी तो ऐकू यावा म्हणून जीव तळमळत होता. मंगलाचा भाऊ जीप घेऊन धुळ्याला निघाला होता. चारपर्यंत थांबतो म्हणाला. पुढे वाहन मिळणार नव्हतं.

व्हरांड्यात मंगलाने माझा सदरा धरला. "माझी पोर इथे मरू देणार आहात का?"

मी आत गेलो. अमृताचे ओठ फुटले होते. डोळ्यांखाली काळं पडलं होतं.

"अमृता," मी म्हटलं, "राणी परतली."

"सुखरूप?"

"हो."

"तुम्ही पाहिलंत, सर?"

"पाहिलं."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला कळलं होतं, याची आज मला खात्री आहे.

मग ती उठली. कुणीही उठतं तशी.

मी घड्याळ पाहिलं, जीप चुकू नये म्हणून. चारला दहा कमी होती.

जीपमध्ये ती एकदाच बोलली. "बाबा, थोडं पाणी द्या."

दिवाळीनंतर शाळा भरली. फाटकाशी सुपडू उभा होता. भादरलेल्या डोक्यावर केस नुकते उगवत होते.

"मास्तर, मनी पोर बरी व्हई गयथी," तो म्हणाला. "शनवारे उठीसन बठनी. भाकर मांगी. हासनी बी. आनि एकदम..."

"किती वाजता?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"चार वाजाले आलथात."

मी त्याचा हात धरला. त्याची मुलगी देऊन मी माझी सोडवून आणली, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? घरीही सांगितलं नाही. अमृताने हर्षदाचं नावसुद्धा काढलं नाही. ती खाते, अभ्यास करते, वेळेवर झोपते.

जानेवारीत परीक्षेच्या कामासाठी मला बारडोलीला जायचं होतं. सकाळी अमृता आरशासमोर वेणी घालत होती.

"संध्याकाळपर्यंत येतो गं," मी चपला घालता घालता म्हटलं.

तिने आरशातूनच माझ्याकडे बघितलं. चेहरा शांत, रागाचा लवलेश नाही.

"जपून जा, बाबा," ती म्हणाली. "तुमच्यासाठी मी बसणार नाही."