टाकी भरेपर्यंत मुक्काम

प्रेम कुठे भेटावं, हे आपल्या हातात नसतं हे मला मान्य आहे. पण हातात रबरी मोजे आणि त्या मोज्यांत संडासाच्या टाकीची नळी असताना तरी ते भेटू नये, एवढी माझी माफक अपेक्षा होती.

ॲरिझोनाच्या वाळवंटातली जानेवारीची दुपार होती. ऊन कोवळं, वारा गार. पिकअपमागे ट्रेलर ओढत मी ओर्टेगा कुटुंबाच्या आवारात शिरले. लोक आपल्या बोटी आणि फिरती घरं तिथे भाड्याने ठेवतात. त्या कोरड्या मुलखात पांढऱ्या कापडाखाली बोटींच्या रांगाच्या रांगा झोपलेल्या असायच्या, पाण्याची स्वप्नं बघत. आवाराच्या कोपऱ्यात सिमेंटचा उतरता ओटा, मधोमध झाकण असलेलं भोक आणि शेजारी नळ. आम्ही चाकांवर राहणारी माणसं तिथे टाक्या रिकाम्या करतो. चाकांवरच्या घरात सगळं असतं, फक्त गटार नसतं. ते हिंडून शोधावं लागतं.

मी नळी भोकात सोडली, व्हॉल्व्हचा दांडा ओढला आणि नळीच्या तोंडाचा जुना एल्बो, म्हणजे कोपरासारखा वाकडा जोड, तडकला. दांडा परत ढकलेपर्यंत जे व्हायचं ते झालं होतं. बूट नवे होते माझे.

"हलू नका," मागून कुणीतरी म्हणालं. "हललात तर पसरेल."

उंच, सावळा, डोक्यावर गवती हॅट. त्याने नळाचा पाइप ओढून आणला, आधी माझे बूट धुतले, मग ओटा. या सगळ्यात तो एकदाही हसला नाही. मिशीला मात्र फार कष्ट पडत होते.

"हसा हो," मी म्हणाले. "आत दाबून ठेवणं बरं नसतं."

"तुमच्या टाकीचंही तेच मत दिसतंय."

मग आम्ही दोघंही हसलो. तो ऑफिसातून नवा एल्बो घेऊन आला. काचेसारखा, आरपार दिसणारा.

"हा नको," मी म्हणाले. "मला काही बघायचं नाहीये."

"बघावं लागतं. पाणी स्वच्छ यायला लागलं की समजायचं, टाकी धुतली गेली. नुसत्या अंदाजावर किती दिवस काढाल?"

त्याने तो जोडला आणि शेवटी पाव फेरा देऊन घट्ट केला. माझ्याही आत कुठेतरी एक पाव फेरा फिरला... उगाच.

"एलिसेओ," तो म्हणाला. "सगळे चेओ म्हणतात."

"मार्नी. उद्या निघतेय मी."

कुणी न विचारता मी हे का सांगितलं, तर त्याला कारण होतं. मला वाढवलं फिलिसमावशीने, याच ट्रेलरमध्ये. तिचा एकच नियम होता: टाकी भरेपर्यंत मुक्काम. भरली, रिकामी केली, की पुढचं गाव. एकाच जागी टाकी दुसऱ्यांदा भरली की माणसं नावाने हाका मारायला लागतात आणि मग निघताना दुखतं, असं ती म्हणायची. मावशी गेली तरी नियम मी पाळला. लोकांच्या ट्रेलरची छतं आणि कनाती शिवत मी अर्धा देश पालथा घातला. कुणाची झाले नाही, कुणी माझं झालं नाही, आणि हेच सुखाचं आहे अशी माझी बऱ्यापैकी खात्री पटली होती.

दुसऱ्या दिवशी मी निघाले नाही. डोंगरापलीकडे सरकारी मोकळ्या रानात तळ होता, तिथेच परत जाऊन बसले. पुढल्या आठवड्यात पुन्हा ओट्यावर हजर.

"निघालीस नाही वाटतं?" चेओ म्हणाला. 

"आता निघणारच. टाकीचा मीटर म्हणतो, भरली."

दांडा ओढला. एल्बोतून जेमतेम कपभर काहीतरी गेलं आणि थांबलं. आम्ही दोघं त्या रिकाम्या एल्बोकडे बघत राहिलो. अर्धीअधिक भरल्याशिवाय टाकी कुणी उघडत नाही, हे आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

"मीटर खोटा आहे," मी म्हणाले.

"सगळ्यांचेच असतात," तो म्हणाला. एल्बोवरची नजर त्याने हळूच माझ्यावर आणली. "दुरुस्त करून देऊ?"

"नको," मी म्हणाले. जरा फारच चटकन.

मग हे होतच राहिलं. पाच दिवसांनी, कधी तीनच दिवसांनी मी जायची, मावशीचा नियम ऐकवून "उद्या निघते" म्हणायची, तो "बरं, सुखरूप जा" म्हणायचा. बोटींची फाटकी कापडं मला खुणावायची, पण शिवून देऊ का असं मी विचारलं नाही. काम अंगावर घेणं म्हणजे राहणं. टाकी रिकामी करणं म्हणजे मात्र निघायचीच तयारी. मनाला फसवायला एवढं पुरत होतं. चेओची हद्द त्या एल्बोपाशी संपायची. तो कधी हात पुढे करी तो नळी धरायला, मी करायची तो दांड्याला. आमचे हात एकमेकांना लागले असतील ते रबरातूनच.

"एवढं काय खणतोस रे?" मी एकदा त्याच्या मातकट गुडघ्यांकडे बघत विचारलं.

"पाइप टाकतोय. घरामागे."

"जुना फुटला?"

"नाही. पुढे लागेल."

तेवढ्यात ऑफिसची खिडकी उघडली. चेओची आत्या, डोलोरेस, तिथून सगळ्या आवारावर लक्ष ठेवून असायची.

"पोरी," तिने सगळ्या आवाराला ऐकू जाईल असं विचारलं, "पोटाचं काही दुखणं आहे का तुला? एकटी बाई, आणि इतक्या वेळा? पुदिन्याचा चहा देते, लाजू नकोस."

लाजू नकोस म्हणे. माझे कान ट्रेलरच्या मागच्या दिव्यांसारखे पेटले होते. चेओ बोटींकडे तोंड करून उभा होता आणि त्याचे खांदे हलत होते.

त्या दिवशी परत येताना मला पहिल्यांदा कळलं की हे साधं नाही. मला तो आवडत होता. चहा घेताना, शिवताना, उशीवर डोकं टेकताना, सारखा. आणि त्या आवडण्याचीच मला भीती वाटत होती.

मार्च सरत आला. ऊन चटके द्यायला लागलं तसे थंडीपुरते आलेले लोक उत्तरेला निघाले, रान ओस पडायला लागलं. मला मोन्टानातल्या एका तळावर उन्हाळाभराचं काम मिळालं होतं आणि आता खरंच निघायचं होतं. शेवटचं जायचं, तर रिकामी टाकी घेऊन कशी जाऊ? तो आरपार एल्बो पुन्हा चुगली करणार. म्हणून मी पिण्याचं पाणी बादली बादलीने संडासात ओतलं. टाकी काठोकाठ भरली. निदान या खेपेला त्याच्याशेजारी पोटभर उभं राहता येईल, एवढाच हिशेब.

कलत्या उन्हात मी दांडा ओढला. पाणी धो धो आलं... आणि एल्बोतून निघालं ते नितळ. सोनेरी ऊन त्यातून आरपार गेलं आणि चेओच्या शर्टावर कवडसे नाचायला लागले. स्वच्छ पाणीही चुगली करतं, ही अक्कल मला आधी सुचायला हवी होती.

चेओने आधी शर्टावरचे कवडसे पाहिले, मग एल्बो.

"आजवर या भोकात इतकं स्वच्छ पाणी गेलेलं नाही," तो म्हणाला. "आमच्या नळाचंच दिसतंय. परवा भरून नेलंस ते."

पाणी वाहतच होतं. या मुलखात पाणी सांडणं म्हणजे पाप, आणि मी टाकीभर पाप करून बसले होते.

"मार्नी... का?"

"तुला बघायला," मी म्हणाले. "दरवेळी तेवढ्यासाठीच आले. दुसरं कारण सुचलं नाही. उद्या निघतेय, खरंच निघतेय, म्हणून सांगून टाकलं."

तो नळाशी गेला आणि साबण घेऊन आला. माझे मोजे त्याने एकेका बोटावरून ओढून काढले, सावकाश.

"आधी साबण," तो म्हणाला. मी हात धुतले. मग त्याने ते ओले हात आपल्या हातांत घेतले. खडबडीत होते त्याचे तळवे, फोडांनी भरलेले. मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं.

"चल," तो म्हणाला. "पाइप दाखवतो."

त्याच्या घरामागे बाभळीसारख्या एका जुन्या मेस्कीट झाडाशेजारी जमीन सपाट करून खडी पसरली होती. माझा ट्रेलर मावेल, नेमकी तेवढीच. कडेला पाण्याचा नळ, विजेची पेटी आणि जमिनीतून वीतभर वर आलेलं, झाकण लावलेलं गटाराच्या पाइपाचं तोंड.

"तुझा मीटर पहिल्यांदा खोटं बोलला ना, त्याच संध्याकाळी खणायला घेतलं," चेओ म्हणाला. "खाली दगडासारखी माती आहे. दोन पहारी वाकल्या. नाहीतर लवकर झालं असतं."

"लोक फुलं देतात, चेओ."

"फुलं इथे दुपारपर्यंत टिकत नाहीत. हा पाइप पन्नास वर्षं टिकेल."

मी त्या पाइपाच्या झाकणाकडे बघितलं. "माझा नियम आहे रे..."

"माहितीये. टाकी भरेपर्यंत मुक्काम. दरवेळी ऐकवतेस. मी कुठे मोडायला सांगतोय? राहा ना, टाकी भरेपर्यंत."

"आणि भरली की?"

"इथेच रिकामी होईल."

"मग?"

"मग परत भरेपर्यंत."

फिलिसमावशी, तू हे उत्तर कधी ऐकलं असतंस तर, असं माझ्या मनात आलं. वारा पडला होता. झाडावर एक पारवा घुमत होता. जिथून निघायची घाई नाही अशी संध्याकाळ मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते.

"उन्हाळ्यात भाजून निघेन मी इथे," मी म्हणाले.

"निघशील. सावली लागेल."

"ती मी शिवते. पाइप तुझा, सावली माझी. आणि आधी त्या बोटींची कापडं. बघवत नाहीत मला."

येत नाही म्हणून मोन्टानाला मी तिथूनच फोन केला. मग चेओ मागे उभा राहून हातवारे करत होता, मी आरशात त्याच्याकडे बघत ट्रेलर मागे घेत होते. आडवा गेला, पुन्हा सरळ केला. नळी काढली, तो एल्बो पाइपाला बसवला. शेवटचा पाव फेरा त्याने द्यायचा म्हणून थांबले. आत्याही हातात चहाचा कप घेऊन बघायला आली होती.

मी दांडा ओढला. आम्ही तिघं वाकून एल्बोत बघत राहिलो. एक थेंब आला, दुसरा आलाच नाही.

"आता बरं आहे वाटतं पोट," आत्या म्हणाली आणि कप माझ्या हातात देऊन निघून गेली.

मी चेओकडे बघितलं, चेओने माझ्याकडे. मी दांडा परत ढकलला. टाकी भरायला आता वेळ लागणार होता.