थोडा डावीकडे सरक, दादा

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता. आजही 'आहे' म्हणायला जीभ वळत नाही. पण हे घडलंय. भरल्या हॉलमध्ये, सगळे दिवे चालू असताना.

गेल्या मार्चमधला शनिवार. संध्याकाळची वेळ. एका जुन्या छापखान्याच्या जागेत माझ्या आत्याच्या फोटोंचं प्रदर्शन भरलं होतं. तिला जाऊन वर्ष झालं, म्हणून तिचं आयुष्यभराचं काम एकत्र मांडलं होतं.

आत्या मांडून फोटो काढायची. खोली सजवायची, माणसं उभी करायची, कुणी कुठे बघायचं ते सांगायची आणि मग बटण दाबायची. नाटकच म्हणा ना.

आम्ही त्यातलं काहीच पाहिलं नव्हतं. ती नवरा सोडून आली, तेव्हा बाबांनी बहिणीला दारातूनच परत पाठवलं. मी तेव्हा पाळण्यात होते. नंतर घरात तिचं नावही निघालं नाही.

पण आता ती मोठी कलाकार ठरली होती. आयोजक बाईंचं आमंत्रण आलं. आम्ही नटूनथटून गेलो आणि 'कुटुंबीय' म्हणून पहिल्या रांगेत बसलो.

बाबांनी भाषणही ठोकलं. "आमचा तिला पहिल्यापासून पाठिंबा होता."

टाळ्या पडल्या.

आई पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिली.

मग आम्ही फोटो बघायला उठलो.

प्रत्येक फोटोत एक कुटुंब होतं. जेवायला बसलेलं. आजाऱ्याच्या उशाशी जागणारं. दार उघडून कुणाला तरी 'ये' म्हणणारं. खाली लिहिलं होतं... दादा, वहिनी, भाची.

ते आम्ही नव्हतो.

"दादा म्हणजे त्यांच्या गल्लीतले शिंपीकाका," आयोजक बाई कौतुकाने म्हणाल्या. "वहिनी म्हणजे शेजारच्या नर्सबाई. भाची त्यांची मुलगी. कायम हीच माणसं. ते बघा, काका मागे उभे आहेत!"

मागे खुर्च्या संपल्या होत्या. एक म्हातारे गृहस्थ भिंतीला टेकून रुमालाने डोळे पुसत होते.

तोंड कुठे लपवू, असं झालं मला.

"घरच्यांचा एक फोटो होऊन जाऊ दे!" तिथला फोटोग्राफर म्हणाला.

नाही कसं म्हणणार? सगळ्यात मोठ्या फोटोसमोर आम्ही तिघं उभे राहिलो.

आणि हॉलमधला गलका एकदम बंद झाला...

"दादा... थोडा डावीकडे सरक."

बाईचा आवाज. मऊ. अगदी कानाजवळ.

बाबा सरकले.

"अजून थोडा... वहिनी, तूही."

आई सरकली.

माझ्या कोपराला दोन बोटं लागली. गार. टेबलावरचं भांडं बाजूला करावं, तशी मला हलकेच ढकलत होती.

मी वळून पाहिलं... कुणीच नव्हतं.

"अजून... अजून..."

माझा खांदा कोपऱ्यातल्या भिंतीला लागला.

"हं. आता छान."

खट्ट.

गलका पुन्हा सुरू झाला. फोटोग्राफर वैतागला होता. "अहो, मी मघापासून थांबा, थांबा म्हणून ओरडतोय! चाललात कुठे? फोटोत नुसता मागचा फोटो आलाय, तुमच्यातलं कुणीच नाही!"

बाबांचा चेहरा पांढराफटक पडला होता. भाषणाचा कागद त्यांच्या हातात चुरगळला होता.

परतताना गाडीत आईने हळूच विचारलं, "तुम्हालाही ऐकू आलं?"

बाबांनी चुरगळलेला कागद खिशात कोंबला. मग म्हणाले, "तिचाच आवाज. रागावली असती तर बरं झालं असतं गं."

प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी मी एकटीच गेले. भर दुपारी. त्याच फोटोसमोर उभी राहिले. जिला मी कधी हाक मारली नव्हती, तिला हाक मारली.

"आत्या..."

वाट पाहिली. माणसं येत होती, जात होती. मला कुणी सरकवलं नाही... आणि जवळही बोलावलं नाही.

आवाज आला असता, तर मी घाबरून पळाले असते.

आला नाही.

त्याचीच धास्ती अजून जात नाही.