इंदिराबाईंची खिडकी

ही गोष्ट मी कुणाकडून ऐकलेली नाही. माझ्याच हातून घडली आहे. विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. पण त्या घराचा नकाशा अजून माझ्या कपाटात आहे, आणि त्यावर सही माझी आहे.

रात्र नव्हती. अमावस्याही नव्हती.

गेल्या वर्षीचा जानेवारी, मंगळवार, सकाळचे अकरा. जागा, म्हैसूरचं अग्रहार, जुन्या घरांची वस्ती.

मी ईश्वरी. आर्किटेक्ट आहे. आमचं घराणं चार पिढ्या म्हैसुरातच. ज्यांचं घर मी बांधलं ते नवरा-बायको, रजनी आणि दिगंबर, मात्र पुण्याहून आलेले, दिगंबर हूटगळ्ळीच्या एका कंपनीत. त्यांनी अग्रहारातल्या एका गल्लीत जुनं कौलारू घर घेतलं आणि पाडलं. प्लॉट सोळा फूट रुंद, साठ फूट लांब. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांची घरं.

रजनीच्या अटी दोनच.

"दिवसा दिवा लावावा लागता कामा नये. आणि बाहेरून कुणाला आतलं दिसता कामा नये."

मी सगळा उजेड वरून घेतला. मधोमध चौक, त्यावर काच, भोवती उंच पांढऱ्या भिंती. गल्लीकडे एकही खिडकी नाही.

अडचण एकच होती. शेजारच्या इंदिराबाई.

वय ऐंशीच्या पुढे, पाच वर्षं अंथरुणाला खिळलेल्या. त्यांच्या खोलीला एकुलती एक खिडकी, आणि ती उघडायची आमच्या प्लॉटवर. मी मापं घ्यायला गेले तेव्हा त्यांनी तिथूनच हाक मारली.

"मराठी बोलतेस? बरं झालं. नोडम्मा, हे बघ, इथे भिंत बांधशील तर स्वल्प बेळकु सोड गं. थोडासाच उजेड. माझा सगळा दिवस या खिडकीत जातो."

"दोन फूट जागा सोडते, अज्जी," मी म्हटलं.

सोडली नाही.

दोन फूट सोडले की जिना बसत नव्हता. रजनीलाही ते नको होतं. "त्यांची खिडकी आमच्या चौकात उघडणार? छे!" आणि भिंत आमच्याच हद्दीत होती. ती सरळ वर गेली. खिडकीला चिकटून.

त्यांचा मुलगा भुजंगराव, रिटायर्ड शिक्षक, भांडायला आला नाही. एकदा साइटवर येऊन एवढंच म्हणाला, "अम्मा रोज सकाळी विचारते, अजून उजाडलं नाही का? काय सांगू मी?"

मी म्हटलं, "ट्यूबलाइट लावा ना मोठी."

खरंच, एवढंच म्हटलं मी.

चार महिन्यांत इंदिराबाई गेल्या. डिसेंबरात रजनीच्या घराची वास्तुशांत झाली. आलेला प्रत्येक जण म्हणाला, काय लख्ख घर आहे!

आणि जानेवारीत रजनीचा फोन आला.

"भिंतीवर डाग पडलाय. येऊन बघतेस?"

मी गेले. अकरा वाजले होते. काचेतून ऊन सरळ भिंतीवर उतरलं होतं, डोळे दिपतील असं. आणि त्या उन्हाच्या मधोमध...

एक काळोखा चौकोन.

ओल नव्हती. बोट लावलं, कोरडं. रंगही तोच. फक्त तिथे ऊन पडत नव्हतं. मी मोबाइलचा टॉर्च मारला.

प्रकाश तिथवर गेला... आणि दिसेनासा झाला.

मी तळहात टेकवला. माझा हातही काळोखात गेला. भिंत गार होती. आणि आतून, विटांच्या मागून, आवाज आला...

कर्रर्र.

खिडकीची कडी सरकवल्यासारखा.

मी नकाशा काढून मोजलं. अडीच फूट बाय तीन. इंदिराबाईंच्या खिडकीचंच माप, जमिनीपासून अगदी तेवढ्याच उंचीवर.

"रंगाचा दोष आहे," मी रजनीला सांगितलं. "पुन्हा एक हात मारू."

दुसऱ्यांदा खोटं बोलले.

आठ दिवसांनी तिची सहा वर्षांची मुलगी मृण्मयी चौकात चित्र काढत बसली होती. भर सकाळी, भर उन्हात. रजनीने पाहिलं तर ती फरशीवर हात फिरवून खडू चाचपत होती.

"आई, लाइट लाव ना. अजून उजाडलं नाही का?"

डोळ्यांच्या डॉक्टरांना काही सापडलं नाही. घराबाहेर नेलं की तिला स्वच्छ दिसायचं. उंबरठ्याच्या आत पाऊल टाकलं की अंधार. आधी फक्त सकाळी. मग दिवसभर.

तेव्हा मी रजनीसमोर बसून सगळं सांगितलं. ती म्हणाली,

"फोड ती भिंत. आज. आत्ता."

गवंडी आला. विटा निघाल्या. मागे इंदिराबाईंची खिडकी होती.

सताड उघडी.

पलीकडे दारात भुजंगराव उभा होता, पांढराफटक. "मी... मी आतून खिळे ठोकले होते, ईश्वरी. तेराव्याच्या दिवशी. माझ्या हातांनी."

खिळे खिडकीच्या पट्टीवर होते. सहाच्या सहा. एका ओळीत ठेवलेले.

चौकातलं ऊन त्या खोलीत शिरलं. खोली रिकामी होती. खाट, गादी, सगळं त्याने केव्हाच देऊन टाकलं होतं. नुसती लाल फरशी.

पण त्या फरशीवर सावली पडली...

खाटेची.

आणि खाटेवर बसलेल्या कुणाची तरी.

मी पाहत होते. त्या सावलीने हळूहळू हात उचलला आणि डोळ्यांवर आडवा धरला. अंधारातून एकदम उन्हात आल्यावर माणूस धरतो तसा.

माझ्या मागून मृण्मयी म्हणाली, "आई, दिसतंय."

भुजंगराव रडत होता. "राहू दे," तो म्हणाला. "बसू दे तिला."

आम्ही जिना हलवला. ती जागा उघडी ठेवली. मृण्मयी शाळेत जाते, तिला नीट दिसतं. रजनी माझ्याशी बोलत नाही, आणि त्यात तिची काही चूक नाही.

मला वाटलं होतं, फिटलं.

परवा भुजंगरावचा फोन आला. म्हणाला, "चार दिवस झाले. ऊन येतं. खाटेची सावलीही पडते."

"मग?"

"खाटेवर कुणी नाही गं."

ती खिडकी ज्या चौकात उघडते, तिथे मृण्मयी रोज शाळेतून आल्यावर खेळते.

रजनीचा नंबर मी तीनदा काढला. अजून लावलेला नाही.