राहिलेला रविवार

सुनेनं फोनवर दाखवलेली जाहिरात मावशींना पहिल्यांदा वाचताना नीटशी कळलीच नाही. शुक्रवारी संध्याकाळी अनोळखी माणसांनी जमायचं, चार-पाच जणांचे गट करायचे आणि रविवारी दुपारी तीनपर्यंत एक कंपनी उभी करून परीक्षकांना दाखवायची, असं काहीसं त्यात होतं. कंपनी म्हणजे काय तंबू आहे का दोन दिवसांत उभा करायला, असं त्या म्हणाल्यासुद्धा. मग जाहिरातीखालच्या इमारतीचा फोटो त्यांनी बोटांनी मोठा करून पाहिला, आणि बराच वेळ पाहून झाल्यावर सुनेला म्हणाल्या, "माझं नाव दे."

त्या इमारतीत पूर्वी भिंगांचा कारखाना होता. एकोणिसाव्या वर्षी मावशी तिथं लागल्या आणि अठ्ठाविसाव्या वर्षी, कारखान्याला कुलूप लागलं तेव्हा, बाहेर पडल्या. त्यालाही आता छत्तीस वर्षं होऊन गेली होती. पुढं चष्म्याच्या एका दुकानात त्यांनी एकतीस वर्षं काचा घासल्या, 'मावशी' हे नावही तिथल्या गिऱ्हाइकांनीच पाडलं. पण स्वप्नात त्या कधी दुकानात गेल्या नाहीत. स्वप्नात जायच्या त्या कारखान्यातच.

शुक्रवारी त्या आत शिरल्या आणि दारातच थबकल्या. पॉलिशचा तो लांबलचक हॉल पांढऱ्या रंगात न्हाऊन निघाला होता. गाद्यांच्या खुर्च्या आल्या होत्या, कॉफीचं मशीन आलं होतं, जमिनीवर गुळगुळीत फरशी आली होती. उत्तरेकडच्या सात खिडक्या मात्र होत्या तशाच होत्या. त्यांतून येणारा उजेडही तोच, सावली न पाडणारा, दुधासारखा. काच तपासायची तर याच उजेडात, असं फोरमन म्हणायचे. मावशींना वाटलं, आता कुठूनतरी तापलेल्या राळेचा वास येईल. आला तो ताज्या रंगाचा.

प्रत्येकानं उभं राहून एक मिनिट बोलायचं होतं. कुणी ॲप म्हणालं, कुणी ड्रोन म्हणालं. मावशी म्हणाल्या, "मला काच घासता येते," आणि खाली बसल्या. लोक हसले, पण वाईट हसले नाहीत. थोड्या वेळानं तिघं त्यांच्याकडं आले. करड्या स्वेटरमधली एक प्रोग्रामर मुलगी, शाळेत विज्ञान शिकवणारे एक किडकिडीत सर, आणि पॅकिंगचं सामान विकणारा एक धिप्पाड विक्रेता. तिघंही तिशीच्या आतबाहेरचे, एकमेकांना अजिबात न ओळखणारे. सरांच्या डोक्यात एक कल्पना होती. म्हाताऱ्या माणसांचे हात थरथरतात, त्यामुळं साधं भिंग धरून वाचता येत नाही. तर टेबलावर टेकणारं, दांड्याचं भिंग करायचं. त्याला फोन लावला की दिसणारी अक्षरं फोननं वाचूनही दाखवायची. शाळेच्या प्रयोगशाळेत टाकून दिलेली, ओरखडे पडलेली पाच भिंगं त्यांच्याकडं होती. ती पुन्हा चकचकीत करणारं माणूस हवं होतं.

मावशींच्या अंगावर काटा आला, तो आनंदाचा होता असं त्यांना वाटलं. कारण अगदी असंच एक भिंग त्यांनी एकदा करायला घेतलं होतं. पण ते त्या बोलल्या नाहीत.

बसायला जागा शोधायची होती. हॉलमध्ये बारा-पंधरा टेबलं रिकामी होती. विक्रेता सरळ चालत तिसऱ्या खिडकीपाशी गेला. "इथं बसू. इथं उजेड सरळ येतो," तो म्हणाला. मावशी त्याच्यामागून निघाल्या, आणि खिडकीच्या चार पावलं अलीकडं त्यांनी सवयीनं पाय जरा उंच उचलून टाकला. तिथं पूर्वी पॉलिशचं लाल पाणी वाहून न्यायला वीतभर रुंदीची पन्हळ होती. आता वर सपाट फरशी होती. स्वतःचंच हसू येऊन त्यांनी मागं वळून पाहिलं.

मागून येणाऱ्या प्रोग्रामर मुलीनं फोनमधून डोकं वर न काढता, नेमक्या त्याच जागी पाय उचलून पुढं टाकला. तिच्यामागून सरांनीही.

शनिवारी सकाळी मावशी घरून आपली जुनी हत्यारं घेऊन गेल्या. राळेचा थर दिलेली लोखंडी वाटी, लाल पावडरीचा डबा, मऊ फडकी. ओली पावडर लावून भिंग वाटीत गोल फिरवू लागल्या तेव्हा हात पहिली पाच मिनिटं अडखळला आणि मग सुरू झाला. शेजारी मुलगी कीबोर्ड बडवत होती, सर दांड्याचं चित्र काढत होते, विक्रेता फोनवर कुणाकुणाला गोड बोलून वस्तूची मागणी किती आहे याचा अंदाज घेत होता. कुणी कुणाला काय कर म्हणून सांगत नव्हतं. हात पुढं केला की हवी ती वस्तू हातात येत होती. काल संध्याकाळपर्यंत ही माणसं एकमेकांना ओळखतही नव्हती, याचं मावशींना नवल वाटलं. इतकं सुरात काम त्यांनी आयुष्यात एकदाच पाहिलं होतं.

मुलगी तयार झालेलं पहिलं भिंग उचलायला आली. उचलण्याआधी तिनं बोटांच्या टोकांवर हलकीशी फुंकर मारली. मावशी बघतच राहिल्या. कारखान्यातली पॅकिंगवाली ताई अशी फुंकर मारायची, बोटांवरची धूळ काचेला लागू नये म्हणून. दिवसातून हजार वेळा.

दुपारी सरांनी चित्र पुढं केलं. दांडा सरळ नव्हता. उजवीकडं किंचित कललेला होता.

"हा असा तिरका का?" मावशींनी विचारलं.

"तुम्हाला धरायला सोपा जावा म्हणून," सर सहज म्हणाले. मग त्यांनीच चित्राकडं निरखून पाहिलं. "तुम्ही डावखुऱ्या आहात ना? की मी उगाच..."

मावशी डावखुऱ्या होत्याच. सकाळपासून सरांच्या डोळ्यांदेखत काम करत होत्या, तेव्हा त्यात विशेष काही नव्हतं. पण त्या चित्रातला कल त्यांना पाठ होता. कारखान्यातल्या ड्राफ्ट्समननं तो त्यांच्या हाताचं माप घेऊन, ट्रेसिंगच्या कागदावर काढला होता.

चारच्या सुमाराला दुसरं भिंगही झालं. विक्रेत्यानं ते खिडकीसमोर धरलं, एक डोळा मिटला, काच हळूहळू फिरवली. आणि तसंच, नजर न काढता, हात मागं करून तो म्हणाला, "डावरे, फडकं दे."

मावशींनी फडकं दिलं.

"काय म्हणालास?"

"फडकं मागितलं, मावशी," तो म्हणाला. त्याचा चेहरा अगदी निर्मळ होता.

त्यांना डावरी म्हणणारा माणूस जगात एकच होता, फोरमन.

घरी आल्यावर मावशींनी फोन बंद करून कपाटात ठेवला. उद्या जायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. डोकं दुखतंय म्हणून सुनेला सांगितलं आणि खिडकीशी जाऊन बसल्या. छत्तीस वर्षं जे आठवायचं टाळलं होतं, ते आता समोर येऊन बसलं.

कारखाना बंद झाला तेव्हा चौघांनी मिळून स्वतःची कंपनी काढायचं ठरवलं होतं. फोरमन, ड्राफ्ट्समन, पॅकिंगवाली ताई आणि ती, डावरी. फोरमनकडं मागच्या दाराची किल्ली राहिली होती. शनिवार-रविवार त्या बंद हॉलमध्ये बसून दांड्याच्या भिंगाचे बारा नमुने करायचे आणि सोमवारी सकाळी मोठ्या शहरातल्या व्यापाऱ्याला नेऊन दाखवायचे, असा बेत होता. शनिवारी सहा भिंगं झाली. काय हसले होते त्या दिवशी चौघं! ताईनं पेटीवर कंपनीचं नाव लिहून पाहिलं आणि स्पेलिंग चुकलं, त्यावरून ड्राफ्ट्समननं तिला संध्याकाळपर्यंत सोडलं नाही. डावरी घरी गेली तर टेबलावर चष्म्याच्या दुकानाचं नेमणूकपत्र होतं. पक्की नोकरी. वडील म्हणाले, आता ते खूळ पुरे. रविवारी ती गेली नाही. निरोपही पाठवला नाही. काच घासणारं दुसरं कुणी नव्हतं, त्यामुळं सहाच्या पुढं नमुने झाले नाहीत आणि सोमवारी कुणी कुठं गेलं नाही.

पुढं तिघं तीन दिशांना पांगले. ती कुणाच्या समोर गेली नाही. बातम्या तेवढ्या कानावर आल्या. आधी फोरमन गेले, मग ड्राफ्ट्समन. ताई गेली त्याला आता सहा महिने होत होते.

रविवारी सकाळी चहा निवेपर्यंत मावशी कपाकडं बघत बसल्या. घाबरल्या तर होत्याच. पण त्या भीतीखाली दुसरं एक काहीतरी होतं, आणि ते अधिक जड होतं. तीन भिंगं अजून व्हायची होती. त्या पोरांचा काय दोष? पुन्हा तेच करायचं का?

त्यांनी साडी बदलली आणि निघाल्या.

हॉलच्या पुढच्या फाटकाशी कुणी दिसेना. त्या बोळातून वळसा घालून मागच्या दारानं आत गेल्या. दार लोटलेलंच होतं.

तिघं तिसऱ्या खिडकीपाशी होते. खिडकीकडं पाठ करून उभे. मागून इतका उजेड येत होता की चेहरे दिसत नव्हते, फक्त आकार.

"उशीर झाला," त्यांतला धिप्पाड म्हणाला.

"हो," मावशी म्हणाल्या.

"असू दे. बस."

त्या बसल्या. टेबलावर काचा मांडून ठेवल्या होत्या. तीन नव्हत्या. सहा होत्या. सरांनी आणखी आणल्या असतील, असं मावशींच्या मनात आलं आणि गेलं.

त्या घासू लागल्या. हात आज अडखळला नाही. बोटांचे सांधे दुखले नाहीत. हॉलमध्ये बाकीच्या गटांचा आवाज कसा नाही, कॉफीचं मशीन कसं घरघरत नाही, हे त्यांना एकदा जाणवलं. मग राळेचा वास आला आणि तेही विसरायला झालं.

शेजारी कुणीतरी बोटांवर फुंकर मारली.

कुणीतरी कागदावर रेघ ओढली, आणि खुदकन हसलं.

मावशींनी मान वर केली नाही. वर करायची नाही, हे त्यांना कुणी न सांगता कळलं होतं. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पावडरीत पडू नये म्हणून त्या खांद्याला पुसत होत्या. इतक्या सुखात त्या कित्येक वर्षांत नव्हत्या.

सहावं भिंग संपलं. मोठ्या हातानं ते उचललं, उजेडात धरलं. काच हळूहळू फिरवली.

"झालं," तो म्हणाला. "जा आता घरी. उद्या सकाळी निघायचंय."

मावशी मागच्या दारानं बाहेर पडल्या, तेव्हा उन्हं कलायला लागली होती. परीक्षकांपुढं बोलायची तशीही त्यांना धास्तीच होती. ते पोरं बघतील. घरी येऊन त्या जेवल्या आणि गाढ झोपल्या.

सोमवारी सकाळी त्यांनी कपाटातून फोन काढून सुरू केला. शनिवार संध्याकाळपासूनचे एकोणीस निरोप होते. वाचायला चष्मा शोधत होत्या तोच फोन वाजला. प्रोग्रामर मुलगी होती.

तिनं आधी तब्येत विचारली. मग म्हणाली, शनिवारी संध्याकाळी हॉलमध्ये पाण्याचा पाइप फुटला, म्हणून रविवारचा कार्यक्रम ग्रंथालयाच्या सभागृहात हलवला होता. सगळ्यांना कळवलं होतं. तुमचा फोन बंद होता, घर कुणाला माहीत नव्हतं. तीनपर्यंत थांबलो आणि मग दोन भिंगांवरच दाखवलं. नंबर नाही आला, पण परीक्षकांना आवडलं. सर आणि आम्ही दोघं आता ग्रंथालयाच्या पायऱ्यांवरच बसलोय. पुढं खरंच काही करू या का, असं बोलतोय. तुम्ही या ना.

"मी काल हॉलमध्ये होते," मावशी म्हणाल्या.

"हॉलला कुलूप होतं, मावशी."

"मागच्या दारानं गेले."

 पलीकडं मुलीनं कुणाला तरी काही विचारलं, आणि पुन्हा फोनवर आली. "मागं दार नाहीये. तिकडं सलग भिंत आहे. काल आम्ही तुम्हाला शोधायला तिथंही जाऊन आलो होतो." आणि मग, "तुम्ही बऱ्या आहात ना?"

"तुम्ही तिघं तिथंच आहात?" मावशींनी विचारलं. "ग्रंथालयापाशी?"

"हो. तिघंही. का?"

सून दारात येऊन उभी होती, आणि हातानं बाहेरच्या खोलीकडं खूण करत होती. मावशींनी फोन छातीशी धरला.

"तिघंजण आलेत तुमच्याकडं," सून हलक्या आवाजात म्हणाली. "प्रवासाला निघाल्यासारखे दिसतात. एक पेटी आहे बरोबर. बसा म्हटलं तर बसेनात."

"काय म्हणाले?"

"घाई नाही म्हणाले. तुमचं आवरेपर्यंत थांबतो, इतकी वर्षं थांबलो तसं."